ट्रेनिंगच्या क्विझमध्ये काकांनी 'असत्य' टिक केलं, आता एचआर माझ्याकडून लेखी मागून राहिले

मिहानचा_टीमलीड

मी नागपूरला मिहानमधल्या एका कंपनीत टीम लीड आहे, नाव विचारू नका. अमेरिकन क्लायंटच्या मेडिकल बिलांचं काम, चौदा जणांची टीम, बहुतेक पोट्टे-पोट्ट्या पंचविशीच्या आसपासचे, अन् एक काका आहेत चोपन्न वर्षांचे, आधीची त्यांची कंपनी बंद पडली म्हणून इकडे आले. आकड्यात चूक नाही निघत त्यांची, महिनाअखेरी आली की सगळे त्यांच्याच टेबलाजवळ.

तं झालं असं की दिवाळीच्या आधी वरून मेल आला, सगळ्यांनी इन्क्लुसिव्हिटी ट्रेनिंग करायचं, कम्पल्सरी, क्लायंटच्या काँट्रॅक्टमध्ये आहे म्हणे. टीम्सच्या व्हिडिओ कॉलवर दोन तास. शिकवणाऱ्या मॅडम बंगळुरूच्या अन् स्लाइडी सगळ्या अमेरिकेच्या, फोटोतली माणसंही तिकडचीच. पाऊण तास तं इंग्रजीतल्या ही, शी, दे यावरच गेला, की ईमेलच्या खाली आपापलं सर्वनाम लिहा. शेवटी दहा प्रश्नांचं क्विझ. त्यातला सातवा प्रश्न असा की माणूस स्वतःला जे म्हणवतो तेच त्याचं लिंग, सत्य की असत्य. बाकी दोन चुकले तरी चालते पण हा चुकला की पुढेच जाऊ देत नाही.

काकांनी असत्य टिक केलं. तीनदा. चौथ्यांदा अकाउंट लॉक. मी बाजूला घेऊन म्हटलं काका करून टाका नं सत्य, कोण पाहून राहिलं. तं म्हणे, "कोणीच पाहून नाही राहिलं तं मंग खोटं काऊन लिहू?"

आता खरी अडचण. आमच्या टीममध्ये एक ट्रान्स मुलगी आहे, जॉईन होऊन काही महिने झाले. काका तिच्याशी नीट वागतात, मॅडमच म्हणतात, जवसाची चटणी आणली की तिच्या डब्यापर्यंत जाते. पण त्या कॉलवर त्यांनी माइक चालू करून सगळ्यांसमोर म्हटलं की मी कोणाशी वाईट वागत नाही, पण बाई ती बाई अन् माणूस तो माणूस हे मी मानतो, ते बदलायला सांगू नका. ती कॉलवर होती. कॅमेरा बंद होता तिचा, पण होती.

अन् ज्या पोट्ट्यानं दहापैकी दहा घेतले त्यानंच संध्याकाळी टीमच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाळ्या वाजवणारं ते स्टिकर टाकलं, कळलं असेल कोणतं. ती त्या ग्रुपमध्ये नाही. मी डिलीट करायला लावलं अन् गप्प बसलो.

आता एचआर मला म्हणून राहिले की शुक्रवारपर्यंत लेखी द्या, काकांचं वागणं होस्टाइल, म्हणजे दुसऱ्याला त्रासदायक, आहे का. काय लिहू? हो लिहिलं तं काकांचं इन्क्रिमेंट जाईल, कदाचित नोकरीही. नाही लिहिलं तं उद्या ती म्हणेल लीडनंच पांघरूण घातलं. रात्री झोप नाही लागून राहिली खरंच.

तर्री_वेगळी_द्या

एवढं काय बे त्यात. आमच्याकडे फायर सेफ्टीचं क्विझ असते, मला शंभर टक्के आहेत चार वर्षांपासून, अन् आग लागली तं कोणतं सिलिंडर उचलायचं ते आजही नाही माहीत. काकांना म्हणा टिक करा अन् घरी जा.

मिहानचा_टीमलीड

तेच सांगितलं भाऊ. ते नाही करत.

हिंगणा_एचआर

वीस वर्षं झाली मला या कामात, आधी बुटीबोरी आता हिंगणा एमआयडीसी, त्यामुळे थोडं स्पष्ट बोलतो. तुमच्या एचआरनं तीन वेगळ्या गोष्टी एका पातेल्यात टाकल्या आहेत.

एक म्हणजे कायदा. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९ चा, लागू झाला १० जानेवारी २०२० ला, नियमही २०२० चेच. त्यात नोकरी देताना, बढती देताना भेदभाव करायचा नाही हे स्वच्छ लिहिलेलं आहे अन् ते खाजगी कंपनीलाही लागू आहे, फक्त सरकारीला नाही. प्रत्येक आस्थापनेनं एक तक्रार अधिकारी नेमायचा, समान संधी धोरण लिहून लावायचं, त्यात टॉयलेटसारख्या सोयी, ये-जा, अन् त्या व्यक्तीची ओळख गुप्त ठेवणं हे सगळं येते. तक्रार आली तं अधिकाऱ्यानं पंधरा दिवसांत चौकशी करायची. आता मला सांग तुमच्या कंपनीत तक्रार अधिकारी कोण आहे? नाव माहीत आहे का तुला? मी पैज लावतो नसेल. आमच्याकडेही गेल्या वर्षीपर्यंत नव्हता, मीच भांडून नेमवला, अन् नेमला कोणाला तं मलाच.

हे हवेत नाही बोलून राहिलो. जेन कौशिक नावाच्या ट्रान्स शिक्षिकेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं १७ ऑक्टोबर २०२५ ला केंद्र अन् राज्यांना हेच सुनावलं, की कायदा केला अन् कागदावरच ठेवला. दोन शाळांतून गेली होती तिची नोकरी, एक उत्तर प्रदेशातली, एक गुजरातमधली. निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांची समितीच बसवली कोर्टानं.

दुसरं, क्लायंटचं काँट्रॅक्ट. ते कंपनीचं दुखणं आहे. ट्रेनिंगला बसवा म्हणू शकतात, बसायलाच पाहिजे. पण मनातून काय मानता ते टिक करून द्या असं आपल्या कुठल्याच कायद्यात नाही. लोकं याला पॉशच्या ट्रेनिंगसोबत जोडतात, ते वेगळं, तो २०१३ चा कायदा लैंगिक छळाचा, त्यात वर्कशॉप घ्यायला सांगितलेच आहेत. पण तिथंही परीक्षा वागणुकीची असते, श्रद्धेची नाही.

तिसरं अन् तुझ्या कामाचं. 'होस्टाइल' हा शब्द तू लिहू नको. तो निष्कर्ष आहे, निष्कर्ष काढायचा पगार तुला नाही मिळत. कोणत्या तारखेला कोण काय बोललं, कोण हजर होतं, रोजचं वागणं तू काय पाहिलं, एवढंच लिही. अन् ते स्टिकरही त्यात लिही भाऊ, तारखेसकट. ते लपवून ठेवलंस तं या सगळ्यात खरा अडकशील तू.

सरळ_बोलतो

मला एक कळत नाही, हे सगळं फॅड तिकडून आपल्याकडे काऊन आणून राहिले. आपल्याकडे कोणी त्रास दिला होता का यांना? लग्नात येतात, आशीर्वाद देतात, आपण पैसे देतो, शेकडो वर्षं चाललं. आता म्हणे सर्वनाम लिहा. काकांनी जे म्हटलं ते नागपुरातली शंभरातली नव्वद माणसं मानतात, फक्त माइक चालू नाही करत.

हिंगणा_एचआर

लग्नात यायला चालते, शेजारच्या खुर्चीत बसून बिलं तपासायला नाही चालत, असं म्हणून राहिला का तू?

सरळ_बोलतो

असं नाही म्हटलं मी. बसा नं. काम करा, पगार घ्या. पण मी काय मानायचं ते तुम्ही ठरवू नका एवढंच.

पुस्तकी_किडा_धरमपेठ

हेच्यावर ब्रिटनमध्ये खूप खल झाला आहे, सरळ_बोलतो यांना दोन्हीकडचं वाचायला आवडेल म्हणून लिहितो. माया फोरस्टेटर नावाची एक संशोधक होती, लंडनमधल्या एका थिंक टँकमध्ये. तिनं ट्विटरवर लिहिलं की लिंग हे शरीराचं असते, बदलत नाही. २०१९ मध्ये तिचं काँट्रॅक्ट पुढे वाढवलं नाही. नोकरीच्या तंट्यांच्या पहिल्या ट्रायब्युनलनं म्हटलं की असं मत लोकशाही समाजात मान देण्यालायक नाही. तिनं अपील केलं, अन् जून २०२१ मध्ये वरच्या ट्रायब्युनलनं निकाल फिरवला, की मत कोणाला टोचत असलं तरी त्याला कायद्याचं संरक्षण आहे. २०२२ मध्ये ती जिंकली.

इथपर्यंत लोकं सांगतात अन् थांबतात. पण त्याच निकालात असंही आहे की याचा अर्थ ऑफिसमध्ये ट्रान्स सहकाऱ्याला वाटेल ते म्हणायची मोकळीक मिळाली असा नाही. अन् दुसरी केस पाहा, डॉ. मॅकेरेथ. सरकारी खात्यासाठी अपंगत्वाची तपासणी करायचे, म्हणे माझ्या धर्मश्रद्धेप्रमाणे मी ट्रान्स माणसाला त्यांच्या पसंतीच्या सर्वनामानं नाही बोलणार. ते हरले. २०२२ मध्ये अपिलातही हरले. म्हणजे फोरस्टेटर बाईंचं मत होतं, डॉक्टरांचं मत अन् शिवाय समोर बसलेल्या माणसाशी वागायची पद्धत होती. काका या दोघांच्या मध्ये कुठंतरी आहेत, माझ्या मते फोरस्टेटरच्या जवळ.

सरळ_बोलतो

अन् २०२५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानंच सांगितलं नं की स्त्री म्हणजे जन्मानं स्त्री?

पुस्तकी_किडा_धरमपेठ

१६ एप्रिल २०२५, हो. पण त्यांच्या २०१० च्या इक्वालिटी ॲक्टमध्ये 'वुमन' या शब्दाचा अर्थ काय एवढ्यापुरतं ते होतं, अन् ट्रान्स लोकांना भेदभावापासून संरक्षण कायमच आहे हेही त्याच निकालात आहे. शिवाय आपल्याला ते लागू नाही. आपल्याकडे १५ एप्रिल २०१४ चा नालसा निकाल आहे, न्यायमूर्ती राधाकृष्णन अन् सिकरी यांचा, त्यात स्वतःची लिंग-ओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केलेला आहे. म्हणजे गंमत पाहा, तो सातवा प्रश्न त्यांनी 'भारताच्या सुप्रीम कोर्टानं काय म्हटलं' असा विचारला असता तं काकांनी निमूट सत्य टिक केलं असतं. ते माहितीचं झालं असतं, कबुलीचं नाही.

अन् क्लायंट अमेरिकन आहे म्हणून सांगतो, तिकडे १५ जून २०२० चा बॉस्टॉक निकाल आहे, ट्रान्स आहे म्हणून कामावरून काढणं म्हणजे लिंगावरून भेदभाव, सहा विरुद्ध तीन. निकाल लिहिला गॉर्सच यांनी, ज्यांना ट्रम्पनं नेमलं. तेव्हापासून तिकडच्या कंपन्यांच्या काँट्रॅक्टमध्ये अशी कलमं दिसली तं नवल नाही.

तर्री_वेगळी_द्या

भाऊ तू पोहे खाताना पण तळटीप देत असशील

खामल्याची_ताई

एक विषय कोणीच काढत नाही म्हणून मी काढते, शिव्या घालायच्या तर घाला. आमच्या ऑफिसमध्येही एक ट्रान्स सहकारी आली. मला तिच्याबद्दल काहीही आक्षेप नाही, चांगली आहे. पण मजल्यावर लेडीजचे दोन टॉयलेट, एकाची कडी गेल्या होळीपासून तुटलेली, अन् आम्हा चाळीस बायकांना कोणी एका शब्दानं विचारलं नाही, थेट मेल आला की अमुक तारखेपासून अशी व्यवस्था राहील, काही शंका असल्यास ट्रेनिंग मॉड्यूल पुन्हा पाहा. अहो शंका विचारली की मॉड्यूल पाहा! म्हणजे विचारणारी आधीच नापास. दोघीतिघी बायका अवघडल्या होत्या, त्यातल्या एकीला लहानपणी वाईट अनुभव आलेला आहे, ती काही ट्रान्स लोकांच्या विरोधात नाहीये, तिला फक्त कडी पाहिजे होती. हे बोललं तर आपण मागासलेल्या. नाही बोललं तर पाणी कमी प्यायचं दिवसभर.

अन् त्याच मजल्यावर दिव्यांगांसाठीचं एक मोठं टॉयलेट आहे, चांगलं प्रशस्त, त्यात हाउसकीपिंगच्या बादल्या अन् मागच्या गणपतीचं थर्माकोल. कुलूप लावून ठेवलंय. ट्रेनिंगवर लाखभर तरी गेले असतील, सुताराला पाचशे द्यायला कोणी तयार नाही.

सध्या_नाव_नको

सगळं वाचलं. मी ट्रान्स आहे, नागपूरचीच, सहा वर्षं झाली नोकरी करते. आधी टीमलीड भाऊंना एक सांगते. तुम्ही शहर लिहिलं, जागा लिहिली, कामाचा प्रकार लिहिला, टीम किती जणांची ते लिहिलं, अन् मग 'आमच्यात एक ट्रान्स मुलगी आहे'. मिहानमध्ये आम्ही काही शेकड्यानं नाही आहोत. तुम्ही तिची बाजू घ्यायला आले अन् तिला चौकात उभं केलं. एडिट करा आधी.

खामल्याच्या ताईंना शिव्या नाही घालणार मी. ताई, तुटलेल्या कडीची भीती मला तुमच्यापेक्षा कमी नाही, जास्तच आहे. पहिल्या नोकरीत मी नऊ तास पाणी न पिता काढायची, दोनदा किडनी इन्फेक्शन झालं. ते कुलूप लावलेलं टॉयलेट मात्र फक्त माझ्यासाठी उघडून 'हे तुझं' म्हणू नका, मग ते 'त्यांचं टॉयलेट' होऊन जाते. सगळ्यांसाठी उघडा, अन् व्हीलचेअरवाल्याला पहिला नंबर द्या, ते त्यांच्यासाठीच बांधलेलं आहे.

आता काका. इथे बहुतेकांना काका आवडून राहिले, मलाही थोडे आवडले. चटणी वगैरे. पण चटणी दिली म्हणून बाकीचं वजा होत नाही. त्या कॉलवर ती कॅमेरा बंद करून बसली होती नं, मला माहीत आहे ती त्या दोन मिनिटांत काय करत असेल. स्क्रीनकडे पाहत नसेल. पूर्ण ऑफिससमोर तुमच्याबद्दल चर्चा चालू आहे की तुम्ही जे आहात ते आहात की नाही, अन् तुम्ही म्यूट. काका ते ट्रेनिंगला उद्देशून बोलले असतील, पोचलं मात्र तिला. त्यांनी काय मानायचं ते मानावं, माझे वडीलही तेच मानतात अन् मला बसस्टँडवर सोडायला येतात. फक्त ती खोलीत असताना तिच्यावर मत मांडणं अन् घरी तेच मत असणं यात फरक आहे, तो काकांना कोणीतरी शांतपणे सांगायला पाहिजे, अन् तो एचआरचा मेल नाही सांगू शकत.

स्टिकरवाला मला काकांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो, कारण तो शिकला आहे की कुठे काय बोलायचं.

अन् खरं सांगू, सर्वनाम माझ्या यादीत खूप खाली येते. माझा ऑफिसचा ईमेल आयडी दोन वर्षं जुन्या नावानं होता. पोर्टलवरून अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र काढलं, आधार बदललं, पॅनमध्ये २०१८ पासून ट्रान्सजेंडरचा रकाना आहे तेही झालं, पण पीएफमध्ये नाव वेगळं, बँकेत वेगळं, अन् पगार अडकला दोन महिने. मनीष नगरात अकरा घरमालकांनी नाही म्हटलं, बाराव्यानं दीडपट भाडं घेतलं. कोची मेट्रोनं २०१७ मध्ये ट्रान्स लोकांना नोकऱ्या दिल्या तेव्हा किती कौतुक झालं होतं, अन् त्यातल्या कितीतरी जणींनी सोडलं का तर राहायला खोली कोणी देत नव्हतं, लॉजचं भाडं पगारात बसत नव्हतं. ट्रेनिंगमध्ये यातलं एक स्लाइड दाखवा की.

सरळ_बोलतो भाऊ, 'कोणी त्रास दिला होता का' म्हणता. याच शहरात फेब्रुवारी २०२३ मध्ये पोलिसांनी तृतीयपंथीयांच्या विरोधात कलम १४४ लावलं होतं. पैसे उकळल्याच्या तक्रारी होत्या, त्यातल्या काही खऱ्याही असतील, पण आदेश निघाला तेव्हा मी बर्डीवर मेट्रोतून उतरून ऑफिसला जात होते गळ्यात आयकार्ड घालून, अन् मलाही वाटलं आता मला अडवतील. अन् याच शहरात २०१८ मध्ये आमच्यातल्याच विद्या कांबळे लोकअदालतीच्या पॅनलवर न्यायाला बसल्या. दोन्ही नागपूरच आहे.

मिहानचा_टीमलीड

ताई माफ करा, डोक्यातच नाही आलं. टीमचा आकडा, क्लायंटचं काम अन् दोनतीन गोष्टी बदलून टाकतो, मॉडरेटरलाही सांगितलं.

सरळ_बोलतो

घरमालकांचं माहीत नव्हतं. तेवढं वाईट आहे. बाकी माझं मत तेच आहे.

सध्या_नाव_नको

राहू द्या नं. खोली असेल रिकामी तं सांगा.

आजीचा_नातू

मला या सगळ्यात त्या सर्वनामांचीच गंमत वाटून राहिली. इंग्रजीत ही-शी बदललं की काम झालं, मराठीत क्रियापदालाच लिंग आहे. आला, आली, आलं. 'दे' चं भाषांतर करा बरं. 'ते आले' म्हटलं की वाटते साहेब आले! म्हणजे आपल्याकडे ज्याला मान द्यायचा त्याला 'ते' म्हणायची सोय आधीच आहे, फक्त ती मोठ्या खुर्चीसाठी राखून ठेवलेली.

अन् माझी आजी कारंज्याकडची. ती जन्मभर 'मी जातो वं', 'मी सैपाक करतो' असंच बोलली. तिकडच्या सगळ्याच बाया तशा बोलायच्या, वऱ्हाडीत बाई बोलली काय अन् बुवा बोलला काय, 'मी करतो'च. माझी आई पुण्याची, लग्न होऊन आली तं हसायची म्हणे, अन् मला आठवते, शाळेत आमच्या बाईंनी आजीसारखं बोलणाऱ्या एका पोट्टीला उठाबशा काढायला लावल्या होत्या, 'मुलींनी करते म्हणायचं'. तं ज्या प्रमाणभाषेत आजीलाच नापास केलं तिथं आता बंगळुरूच्या मॅडम कोणतं सर्वनाम शिकवून राहिल्या! आमच्या ऑफिसात तं सरळ 'तुम्ही' अन् नाव, बस. तुम्ही जेवलात का. त्यात कोणाचंच काही निघत नाही.

सध्या_नाव_नको

ही आजी मला फार आवडली. मी सुरुवातीला घरी बोलताना क्रियापद गिळायची, 'मी ऑफिसला... ' अन् पुढे खोकायची. गावाकडे आत्याकडे गेले की खोकावं नाही लागायचं, तिथं सगळेच 'जातो'.

पुस्तकी_किडा_धरमपेठ

ट्रेनिंगचा उपयोग होतो का यावर एक सांगून निघतो, तळटीप समजा. डॉबिन अन् कालेव्ह म्हणून अमेरिकेतले दोन समाजशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी शेकडो कंपन्यांची बरीच वर्षांची माहिती तपासली, २०१६ मध्ये त्यावर लेख आला. सक्तीच्या डायव्हर्सिटी ट्रेनिंगनं फारसं काही साधत नाही, उलट लोकं चिडतात, असं निघालं. अन् त्याच वर्षी ब्रूकमन अन् काला यांचा मायामीतला प्रयोग छापून आला, स्वयंसेवक घरोघरी गेले, ट्रान्स लोकांबद्दल दहाएक मिनिटं बोलले. बोलले म्हणजे ऐकलं जास्त, की तुम्हाला कधी कोणी वेगळं म्हणून वागवलं होतं का, ते सांगा. तीन महिन्यांनीही त्या लोकांच्या मतात फरक टिकला होता. स्वयंसेवक ट्रान्स असो नसो, दोघांच्याही बोलण्याचा परिणाम झाला.

हिंगणा_एचआर

दहा मिनिटं ऐकायला माणूस लागते, मॉड्यूलला लायसन्स. मॅनेजमेंटला दुसरं स्वस्त वाटते. शिवाय मॉड्यूलचा रिपोर्ट निघतो, शंभर टक्के कम्प्लीट, हिरवा रंग. ऐकलेल्याचा रिपोर्ट कसा काढणार.

खामल्याची_ताई

सध्या_नाव_नको, तुमचं वाचल्यापासून दोनदा उत्तर लिहून खोडलं. किडनीचं माहीत नव्हतं. सोमवारी ॲडमिनकडे कुलपाचा अर्ज देते आहे, सगळ्यांसाठी म्हणूनच, चाळीसपैकी किती जणी सही करतात पाहू. कडीचाही वेगळा.

मिहानचा_टीमलीड

अपडेट, उशीर झाला, अधिवेशनाच्या बंदोबस्तात वर्धा रोडवर रोज एक तास जाऊन राहिला.

हिंगणा_एचआर यांनी सांगितलं तसंच लिहिलं. तारीख, वाक्य जसंच्या तसं, रोजचं वागणं, स्टिकर, अन् मी ते आधी कळवलं नाही हेही. होस्टाइल आहे की नाही याच्यावर एक शब्द नाही. अन् शेवटी विचारलं की आपल्याकडे २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारी कोण आहे. अजून उत्तर नाही आलं, पण नोटीस बोर्डवर लावलेला पॉशचा जुना कागद काढून नेला कोणीतरी, बहुतेक त्यात काही जोडून राहिले असतील.

तिच्याशीही बोललो, कँटीनमध्ये, दहा मिनिटं, मी जास्त बोललो नाही. ती म्हणे मी तक्रार केलीच नव्हती, मला कोणी विचारलंच नाही की मला तक्रार करायची आहे का. कॉलवरचं लागलं का विचारलं तं म्हणे लागलं. मंग म्हणे सर त्यापेक्षा माझ्या आयकार्डवरचं नाव बदलून द्या, जूनपासून अर्ज पडून आहे. मला हे माहीतच नव्हतं, अन् मी तिचा लीड आहे.

काकांना सांगितलं की मत तुमचं, पण ती बसली असताना बोलले ते तिच्यावर गेलं. बराच वेळ काही नाही बोलले. मंग म्हणे कॅमेरा बंद होता, मला वाटलं ती नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाजवळ जाऊन काहीतरी बोलले, काय ते मी नाही विचारलं. क्विझ अजूनही लॉक आहे अन् ते अजूनही सत्य टिक करायला तयार नाहीत. एचआर म्हणून राहिले क्लायंटला काय सांगायचं ते पाहू.

तर्री_वेगळी_द्या

अन् स्टिकरवाला?

मिहानचा_टीमलीड

तोंडी समज दिली. त्याच दिवशी सिस्टिमवरून आपोआप मेल आला सगळ्यांना, दहापैकी दहा म्हणून त्याला 'इन्क्लुजन चॅम्पियन'चा बॅज मिळाला आहे, अभिनंदन करा.